मोकामा घाट : पूल नव्हता तेव्हाचा इतिहास

१८५३ च्या एप्रिल महिन्यात मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात कार्ल मार्क्सने हिंदुस्थानविषयी एक लेख लिहिला. रेल्वेपाठोपाठ आधुनिक कारखानदारी येईल आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती श्रमविभागणी ही कारखानदारी मोडून टाकील, असे त्याने त्यात म्हटले होते. त्यानंतर त्र्याऐंशी वर्षांनी, १९३६ साली, ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे.

मार्क्स की आंबेडकर, हा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. परिषदांतून झाला, नियतकालिकांतून झाला, चहाच्या टपरीवरही झाला. परंतु हा वाद बहुधा सिद्धांतांच्या पातळीवरच राहतो. मजुराच्या डोक्यावरचे ओझे हाताशी धरून तो तपासून पाहावा असे फारसे कुणाला वाटत नाही. म्हणून येथे एका जागेची हकिगत मांडावयाची आहे. ही जागा महाराष्ट्रातली नाही. ती बिहारात गंगेच्या काठी आहे. तिचे नाव मोकामा घाट. रेल्वे जातीला मोडते की जातीवर पोसली जाते, या प्रश्नाचे उत्तर या घाटावर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

१

प्रथम भूगोल समजून घेतला पाहिजे. गंगेच्या दक्षिण तीरावरून कलकत्त्याहून वर जाणारी ईस्ट इंडियन रेल्वे होती. तिचे रूळ रुंद, म्हणजे ब्रॉडगेजचे. दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट. उत्तर तीरावर तिरहुतचा मुलूख. दरभंगा, मुजफ्फरपूर, समस्तीपूर हे सारे तिकडे. तेथील रेल्वे मीटरगेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, १८७० च्या सुमारास, खर्च वाचविण्यासाठी अरुंद रुळांचे धोरण सरकारने स्वीकारले, त्याचे हे फळ. मध्ये गंगा. पावसाळ्यात तिचे पात्र मैलांच्या हिशेबात मोजावे असे, आणि दरवर्षी काठ कातरून जागा बदलणारे.

दक्षिणेला मोकामा जंक्शन. तेथून नदीकडे जाणारा एक छोटा फाटा, तोच मोकामा घाटाचा. समोरच्या तीरावर सिमरिया घाट. तिकडून मीटरगेजचा फाटा येऊन पाण्याशी थांबे. दोन्ही फाट्यांमध्ये आगबोटी आणि मालाच्या वाघिणी वाहून नेणाऱ्या सपाट बोटी. उतारू आगबोटीने पलीकडे जात. मीटरगेजच्या वाघिणी बोटीवर चढवून इकडे आणीत. पण रुंद रुळांची वाघीण अरुंद रुळांवर चालत नाही आणि अरुंद रुळांची रुंद रुळांवर चालत नाही. म्हणजे बोट असूनही प्रश्न सुटत नव्हता. घाटावरच्या गोदामांत एका वाघिणीतला माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. धान्य, मीठ, साखर, तंबाखू, कापड, लोखंड, कोळसा. तिरहुतात जाणारी आणि तिरहुतातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू येथे एकदा माणसाच्या डोक्यावरून गेल्याशिवाय पुढे जात नसे.

हिशेब करून पाहावा. विलायती एक टन म्हणजे सत्तावीस मणांहून थोडे अधिक. पोते अडीच मणांचे धरले तर एका टनाला जवळजवळ अकरा पोती. एक लाख टन माल म्हणजे सुमारे अकरा लाख पोती. अकरा लाख वेळा मान वाकली आणि अकरा लाख वेळा सरळ झाली. रेल्वेच्या अहवालात या सगळ्यासाठी एकच शब्द येतो, तो म्हणजे मालाची बदली. हा शब्द वाचताना माणूस दिसत नाही. जणू पोती आपल्या पायांनी चालत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाऊन बसली.

येथे कुणी म्हणेल, नदीच इतकी मोठी, पूल बांधणार कसा? पण गंगेवर पूल बांधण्याची विद्या त्या काळी नव्हती असे नाही. बनारसचा पूल १८८७ साली पुरा झाला. खाली बंगालमध्ये साराजवळ पद्मेवर हार्डिंज पूल १९१५ साली खुला झाला. या दोहोंच्या मधला गंगेचा सारा प्रवाह मात्र १९५९ पर्यंत रेल्वेच्या पुलावाचून राहिला. नदी लहरी होती, खर्च प्रचंड होता, ही कारणे खरी आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते आणि ते कुठल्याही नकाशात दाखवीत नाहीत. दोन्ही तीरांवर भूमिहीनांची, अस्पृश्यांची, कर्जात बुडालेल्यांची एवढी वस्ती होती की लोखंडाच्या पुलापेक्षा माणसांचा पूल स्वस्त पडत होता. ज्या देशात मान इतकी स्वस्त मिळते तेथे खांब रोवण्याची घाई कोण करील?

२

तिरहुतच्या रेल्वेचा जन्मच भुकेतून झाला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला. ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून तो तिरहुतात पोचवावयाचा होता. त्यासाठी दक्षिण तीरावरच्या बाढच्या समोर, उत्तरेकडे बाजितपूरपासून दरभंग्यापर्यंत घाईघाईने रूळ टाकले गेले. १७ एप्रिल १८७४ रोजी धान्याची पहिली गाडी दरभंग्याला पोचली. पुढे मार्ग वाढत गेला, नदी ओलांडण्याची जागा बदलली, सिमरिया आणि मोकामा हे घाट नावारूपाला आले. १८९० साली ही तिरहुत सरकारी रेल्वे बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न या कंपनीच्या हाती चालवावयास दिली गेली.

त्या दुष्काळाचे काम पाहणारा अधिकारी सर रिचर्ड टेंपल. बिहारमध्ये त्याने धान्य सढळ हाताने आणले आणि माणसे वाचली. परंतु एवढा खर्च केला म्हणून वरिष्ठांनी त्यालाच दोषी धरले. तो धडा त्याने नीट गिरविला. १८७७ साली दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलने खडी फोडणाऱ्या मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. तो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले ते याच काळात. म्हणजे तिरहुत आणि दख्खन यांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाही. भुकेल्या माणसाकडून किती कमी दामात किती जास्त काम घेता येते, याचा हिशेब करणारी लेखणी दोन्हीकडे एकच होती.

३

घाटावरच्या मजुरांनी स्वतः लिहिलेले काही आपल्या हाती नाही. त्यांची हकिगत आपल्याला कळते ती त्यांच्या ठेकेदाराकडून. हा ठेकेदार म्हणजे जिम कॉर्बेट. नरभक्षक वाघांच्या शिकारकथांमुळे मराठी वाचकांना तो परिचित आहे. परंतु शिकारी म्हणून नाव होण्यापूर्वी हा गृहस्थ मोकामा घाटावर माल उतरविण्याचा ठेका घेऊन बसला होता. १८७५ चा त्याचा जन्म. विशीच्या उंबरठ्यावर तो रेल्वेसाठी जंगलातले लाकूड तोडवून घेण्याचे काम करीत होता. तेथून तो घाटावर आला आणि सुमारे वीस वर्षे राहिला. पुढे पहिल्या महायुद्धात कुमाऊँच्या मजुरांची तुकडी घेऊन तो फ्रान्सला गेला. १९४७ नंतर केनियात स्थायिक झाल्यावर त्याने ‘माय इंडिया’ हे पुस्तक लिहिले. ते १९५२ साली प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातल्या गरिबांना त्याने ते अर्पण केले आहे.

कॉर्बेट दुष्ट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. तो मजुरांबरोबर स्वतः राबत असे. कोळशाच्या पाट्या त्याने आणि रामशरण या स्टेशनमास्तराने स्वतःच्या हातांनी भरल्या. ठेक्यातल्या नफ्याचा मोठा हिस्सा तो मजुरांत वाटीत असे. त्या काळच्या गोऱ्या साहेबांत असा माणूस विरळा. त्याच्या मनात मजुरांविषयी माया होती आणि ती पानोपानी दिसते.

म्हणूनच त्याची साक्ष महत्त्वाची ठरते. कारण शत्रूने लिहिलेल्या इतिहासातून सत्य काढणे सोपे असते. सज्जनाने लिहिलेल्या इतिहासातून ते काढणे फार अवघड.

सुरुवातीच्या दिवसांची एक हकिगत पाहा. ठेका घेतल्यावर कंपनीकडून पैसे येण्यास उशीर झाला. तीन महिने मजुरांना पगार मिळाला नाही. घाटावर तुंबलेला माल उपसण्यासाठी ते पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होते. पुढे पुढे ते एक वेळ जेवू लागले. अखेर टोळ्यांच्या मुकादमांना साहेबाकडे येऊन सांगावे लागले की आता पोटे रिकामी आहेत. त्यानंतर पैसे आले. या प्रकरणाला कॉर्बेटने नाव दिले आहे ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा.

आम्ही हे प्रकरण वाचतो तेव्हा या शब्दाशी अडखळतो. एक वेळ जेवून तीन महिने ओझी वाहणे याला निष्ठा म्हणावयाचे? काम सोडून तो मजूर जाणार कुठे होता? गावात जमीन नाही. गावात सावकार बसलेला. घाट सोडला तर पुढचा दिवस कसा जाईल याची शाश्वती नाही. ज्याला जाण्यासाठी दुसरी जागाच नाही त्याच्या थांबण्याला निष्ठा म्हणणे, हे वरून पाहणाऱ्याला सोयीचे असते. महारवाड्यातला माणूस वतनाला चिकटून राहिला तेव्हा त्यालाही गावाने इमानी म्हटलेच होते. येसकराची काठी हाती देऊन रात्रभर गावाची राखण करून घेतली, आणि सकाळी त्याच्याच सावलीचा विटाळ मानला. इमानाची तारीफ नेहमी घेणाऱ्यानेच केलेली आहे.

४

कोळशाच्या टोळीत बुधू नावाचा एक मजूर होता. अस्पृश्य. कॉर्बेटने त्याला कधी हसताना पाहिले नव्हते. कामाला चोख, पण दरवर्षी सुगीच्या वेळी तो बायकोला घेऊन घाटावरून नाहीसा होई. चौकशी केली तेव्हा गोष्ट बाहेर आली. बुधूच्या आजाने गावच्या बनियाकडून दोन रुपये कर्ज काढले होते. त्या दोनांतला एक रुपया बनियाने पहिल्या वर्षाचे व्याज म्हणून तेथेच कापून घेतला. म्हणजे हातात पडला एकच रुपया. आजा गेला, कर्ज बापावर आले. बाप गेला, ते बुधूवर आले. तोपर्यंत ते शंभराच्या वर गेले होते. बुधूच्या आंगठ्याचा ठसा घेऊन नवा दस्तऐवज झाला. कर्ज फिटेपर्यंत दरसाल नवरा-बायकोने बनियाची सुगी फुकट काढून द्यावी, असेही त्यात ठरले. कॉर्बेटने वकील लावून त्याला या फासातून सोडविले.

एका रुपयाने तीन पिढ्या बांधल्या गेल्या. या व्यवहाराला बिहारात नावही होते. कमियौती म्हणत आणि अशा बांधलेल्या माणसाला कमिया. १९२० साली बिहार-ओरिसाच्या सरकारने कमियौती करारांना आळा घालणारा कायदा केला. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. तरीही १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा वेगळा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावे.

येथे थोडे थांबून पाहू. मार्क्सचे भाकीत होते की आगगाडी जुनी श्रमव्यवस्था मोडील. बुधू कुठे उभा होता? ऐन आगगाडीच्या दारात. रोज त्याच्या समोरून इंजिने जात होती. इंजिनाच्या पोटात जो कोळसा जळत होता तो त्याने वाहिलेला होता. महिन्याच्या महिन्याला रोख मजुरी हाती पडत होती. म्हणजे भांडवली व्यवस्थेचा मजूर तो झालेला होता. आणि तरीही सुगी आली की आजाच्या आंगठ्याची दोरी त्याला खेचून गावी नेत होती. भांडवलशाहीने ती दोरी तोडली नाही. तोडण्याचे तिला कारणच नव्हते. अर्धा पोटासाठी आणि अर्धा कर्जासाठी राबणारा माणूस तिला स्वस्तात मिळत होता. सावकाराचे बिऱ्हाड गावात आणि कंपनीचे घाटावर, पण दोघांचा बैल एकच.

५

दुसरा माणूस चमारी. नावावरूनच जात कळावी असे ते नाव. बायकोला घेऊन तो कामासाठी आला. शरीराने किरकोळ. कोळशाच्या कामावर लागला. पुढे त्याच्या सचोटीमुळे कॉर्बेटने त्याला टोळीचा मुकादम केले. त्याच्या हाताखाली ब्राह्मण होते, क्षत्रिय होते, ठाकूर होते. मिळकतीतले स्वतःपुरते ठेवून बाकीच्यात तो भुकेल्यांना, आजाऱ्यांना, निराश्रितांना जेवू घाली. पटकीच्या आजारात तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, स्पृश्य, अस्पृश्य सारे लोटले. कॉर्बेटने त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ते अत्यंत हृद्य आहे.

उच्चवर्णीयांवर अस्पृश्य मुकादम, आणि तोही एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर, बिहारात! गोष्ट मोठीच आहे. मार्क्सचे भाकीत येथे खरे ठरले, असे कुणीही म्हणेल. परंतु कॉर्बेट जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून जातो. हाताखालच्या उच्चवर्णीयांना जन्माने जो मान मिळावयाचा तो देण्यात चमारीने कधी कसूर केली नाही, आणि म्हणून त्याच्या अधिकाराला कुणी आव्हान दिले नाही. साहेबाने हे कौतुकाने लिहिले आहे. आम्हाला मात्र साऱ्या प्रकरणाची किल्ली येथे सापडते. चमारी मुकादम झाला, पण एका अटीवर. त्याने आपली पायरी सोडावयाची नाही. हुकूम द्यावयाचा आणि तोही खाली मान घालून. ब्राह्मण मजुराला नुसते मजूर असणे पुरे होते. चमारीला मात्र मुकादम होण्यासाठी संत व्हावे लागले.

हे आमच्या ओळखीचे आहे. आपल्यातला एखादा वर चढला की त्याने दुप्पट काम करावे, तिप्पट नम्र राहावे आणि चौपट प्रामाणिक असावे, अशी अपेक्षा असते. इतरांना जे जन्माने मिळते ते त्याने पुण्याईने कमवावे. चोखोबांच्या भक्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी चोखोबांना देवळाच्या पायरीपाशीच ठेवले. चमारीच्या अंत्ययात्रेला सारा घाट लोटला, हे खरे. पण तो जिवंत असताना त्याच्या हातचे पाणी किती जण पीत होते?

चमारीविषयी आदर कमी व्हावा म्हणून हे लिहीत नाही. उलट, त्या किरकोळ माणसाने आणि त्याच्या बायकोने आपल्या तुटपुंज्या मजुरीत इतरांसाठी जे केले ते आठवून मन भरून येते. पण त्याचे संतपण ही त्याची थोरवी होती, व्यवस्थेची नव्हे. व्यवस्थेने त्याच्या संतपणावर आपला कारभार भागवून घेतला.

६

घाटावर एक शाळाही निघाली. रामशरण आणि कॉर्बेट यांनी ती रेल्वेच्या कामगारांच्या मुलांसाठी काढली. वीस-एक मुले जमली आणि पहिल्याच दिवशी अडचण आली ती जातीची. वरच्या जातीची आणि खालच्या जातीची मुले एका घरात बसू शकत नव्हती. रामशरणने तोड काढली. एका झोपडीत बसण्यास हरकत असली तरी एका मांडवाखाली बसण्यास हरकत नसते. म्हणून भिंती काढून टाकल्या आणि नुसते छप्पर ठेवले. सगळी मुले एका छपराखाली बसली. शाळा वाढत गेली.

युक्ती नामी होती. तिच्यामुळे काही मुलांना अक्षरे मिळाली, हे मोठेच काम झाले. ज्या काळात आमच्या मुलांना वर्गाबाहेर गोणपाटावर बसवीत होते, त्या काळात बिनभिंतीच्या का होईना पण एका छपराखाली बसवणारा स्टेशनमास्तर निघाला, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. परंतु या युक्तीचा अर्थही समजून घेतला पाहिजे. तेथे जातीला कुणी हात लावला नाही. जातीच्या नियमातली एक फट शोधली गेली. भिंती पडल्या, पण ज्या मनांनी भिंती मागितल्या होत्या ती मने तशीच राहिली. या देशातल्या बहुतेक सुधारणांचा इतिहास या बिनभिंतीच्या शाळेसारखा आहे.

रेल्वेचे तेच झाले. गाडीच्या डब्यात जात पाळणे अवघड झाले. गर्दीत मांडीला मांडी लागलीच. पण गाडीतून उतरून फलाटावर पाय ठेवला की जात वाट पाहत उभी असे. मसूर स्टेशनवर काय झाले हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. १९०१ साली बाल भीमराव, भाऊ आणि भाचे तेथे उतरले. आगगाडीने त्यांना तिकिटाप्रमाणे आणून सोडले. जात कळल्यावर मात्र त्यांना गाडी हाकून न्यावयास एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैल हाकले आणि सारी रात्र पाण्यावाचून काढली. त्याच काळात इकडे मोकामा घाटावर चमारी ओझी वाहत होता. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की हिंदुस्थानातल्या रेल्वेचा खरा इतिहास दिसू लागतो.

७

मग या प्रश्नाची तड लावण्याची दुसरी वाट कोणती? ती मनमाडला दिसते. फेब्रुवारी १९३८ मध्ये, १२ आणि १३ तारखेला, जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. त्यांनी तेथे रेल्वेतली जातीची उतरंड उलगडून दाखविली. अस्पृश्याला रेल्वेत काम मिळते ते गँगमनचे. वर्षानुवर्षे तो रुळांवर राबतो, पण बढती नाही. साधा पोर्टरही त्याला होता येत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेतो, आणि घरात अस्पृश्य कसा चालेल? कारखान्यातल्या कारागिरीच्या जागाही त्याला बंद. गिरणीत विणखात्याचे दार बंद, तसेच हे. कामगारांचे शत्रू दोन, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही, हे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. ब्राह्मणशाही म्हणजे केवळ ब्राह्मण जात असा अर्थ त्यांना अभिप्रेत नव्हता. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत मुरलेली आहे, हे त्यांनी स्पष्ट केले होते.

मोकामा आणि मनमाड यांतला फरक येथे आहे. मोकाम्याला चांगला साहेब होता. मनमाडला संघटना होती. मोकाम्याला बुधूचे कर्ज फिटले, कारण साहेबाच्या लक्षात आले की हा माणूस हसत नाही. साहेबाचे लक्ष ज्याच्याकडे गेले नाही अशा बुधूंचे काय? मनमाडला कुणी हसतो की रडतो हा प्रश्नच नव्हता. प्रश्न हक्काचा होता. दयेने एक माणूस सुटतो. हक्काने नियम बदलतो.

ओझे वाहणाऱ्याला हक्काची भाषा सापडली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात पुढे दिसले. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. माथाडी! माथ्यावर वाहणारा तो माथाडी. ज्या अवयवाने ओझे वाहिले त्याचेच नाव धारण करून तो माणूस कायद्याच्या पुस्तकात शिरला. मोकाम्याच्या घाटावर जे कुली म्हणून नोंदले गेले त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

८

अखेर पूल झाला. मोकाम्याजवळ हाथीदह आणि सिमरिया यांच्यामध्ये, सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, खाली रेल्वे आणि वर रस्ता. १९५९ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो खुला झाला. नाव राजेंद्र सेतू. बिहारमधला गंगेवरचा हा पहिला रेल्वे-पूल. राष्ट्राला अभिमान वाटावा असे काम, यात शंका नाही. त्या वेळी देशाचे रेल्वेमंत्री होते जगजीवनराम. बिहारातल्या चंदवा गावच्या चर्मकार कुटुंबातला मुलगा. आऱ्याच्या शाळेत अस्पृश्य मुलांसाठी पाण्याचा वेगळा माठ ठेवला म्हणून त्यांनी तो फोडला होता. चमारी ज्या घाटावर मान खाली घालून मुकादमी करीत होता, तेथे पूल झाला तेव्हा त्याच्याच समाजातला माणूस साऱ्या रेल्वेचा मंत्री होता. साठ वर्षांत एवढे अंतर कापले गेले. हे अंतर इंजिनाने कापले नाही. ते मताच्या हक्काने, राखीव जागांनी आणि माठ फोडणाऱ्या हातांनी कापले.

पण पुलामुळे ओझे संपले का? नाही. ब्रॉडगेज नदी ओलांडून उत्तरेला गेली, परंतु पुढचे रूळ मीटरगेजचेच होते. मालाची बदली बरौनीजवळच्या गढहरा यार्डात होऊ लागली. घाट गेला, यार्ड आले. बोट गेली, पण पोते तसेच डोक्यावर राहिले. उत्तर बिहारचे रूळ रुंद होत गेले तसतसे ते उतरत गेले.

मोकाम्याच्या इतिहासात आठवणी पुष्कळ आहेत. १९०८ साली मोकामा स्टेशनवर क्रांतिकारक प्रफुल्ल चाकी यांनी पोलिसांच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःवर गोळी झाडून घेतली. पलीकडच्या सिमरिया गावात त्याच वर्षी कवी दिनकर जन्मले. त्यांचे कर्णावरील ‘रश्मिरथी’ १९५२ साली आले, म्हणजे ‘माय इंडिया’ आले त्याच वर्षी. एका तीरावरचा कवी सूतपुत्र म्हणून हिणविलेल्या कर्णाची व्यथा महाकाव्यातून मांडत होता. दुसऱ्या तीरावर ज्यांनी आयुष्य वेचले त्या बुधूची आणि चमारीची व्यथा दूर आफ्रिकेत बसलेला एक निवृत्त ठेकेदार लिहीत होता. पुराणातल्या कर्णाला कवी मिळाला. घाटावरच्या कर्णाला ठेकेदाराच्या आठवणीवर भागवावे लागले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. मार्क्सने रेल्वेकडून जी आशा केली होती ती मोकाम्याला फळली नाही, कारण बाबासाहेबांनी दाखविलेली गोष्ट तेथे आडवी आली. श्रम बदलला, श्रमिकांची विभागणी राहिली. जेथे पूल नव्हता तेथे जातीने पुलाचे काम केले. तिने स्वस्त मान पुरविली, मुकी मान पुरविली, आणि वर त्या मानेला निष्ठा हे नाव दिले.

आपल्या भागातही असे घाट आहेत. बंदरे आहेत, धक्के आहेत, मालधक्क्यांची स्टेशने आहेत, खडी फोडून घातलेले रस्ते आहेत. ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची नावे कोनशिलेवर सापडतात. ओझे वाहणाऱ्यांची नावे वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. ती माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून ती नावे उतरवून घेतली पाहिजेत. ठेकेदार कितीही सज्जन असला, तरी आपल्या आजाचा इतिहास त्याच्या आठवणीवर सोपवून चालणार नाही.